धाकटी गिरणी

मुंबईच्या गल्ल्यांची नावे मोठी एकनिष्ठ. धंदा उठला, धनी गेला, तरी ती आपली जागा सोडीत नाहीत. गिरगावात गायवाडी आहे. पण तिथे गाय पाहावयास कोणी गेले तर मोटारीवाचून चार पायांचे दुसरे काही दिसावयाचे नाही. फणसवाडीत फणस नाहीत, केळेवाडीत केळी नाहीत. कांदेवाडीत तर लग्नपत्रिका विकतात. संसार आणि कांदा यांचा डोळ्यांतल्या पाण्यापुरता संबंध कोणाला जोडावासा वाटला, तर त्याने तो खुशाल जोडावा.

ही झाडे आणि ही गुरे आपोआप गेली असतील. पण शहरातले पुष्कळ धंदे आपोआप जात नाहीत, त्यांना उठवावे लागते. अमुक वस्तीत अमुक धंदा नको, असे एके दिवशी ठरते. मग तिथे आधीपासूनच बसलेल्याचे काय करावयाचे? प्रश्न कचेरीतला वाटतो खरा, पण आमच्या घरात तो कित्येक वर्षे पाटावर जेवावयास बसलेला आहे.

लालबाग-परळकडे गिरणी हा एकच शब्द दोन गोष्टींना पुरत असे. मोठी गिरणी कापडाची, धाकटी पिठाची. माझे वडील मोठ्या गिरणीत साचेखात्यात होते, आणि धाकटी गिरणी आमची स्वतःची होती. मोठीच्या भोंग्याने आम्ही उठत असू. धाकटीचा पट्टा फिरू लागला की उरलेली चाळ उठे. चाळीच्या तळमजल्यावरची ती खोली आजोबांनी १९४८ साली घेतली, तीत मोटार बसवली, दगड बसवले आणि म्युनिसिपालिटीचे लायसन चौकटीत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगले. मुंबईच्या १८८८ सालच्या म्युनिसिपल कायद्यात यंत्र बसवण्यासाठी ३९० वे आणि असल्या धंद्यांच्या परवान्यासाठी ३९४ वे कलम आहे. आजोबांना लिहितावाचता बेताचेच येई, पण हे दोन आकडे त्यांना रामरक्षेसारखे पाठ होते.

आजोबांमागून गिरणी माझ्या भावाने चालवली, आणि तो गेल्यावर ती वहिनींनी हाती घेतली. वहिनी आता सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. दिवाळीच्या आधीचे दहा दिवस त्यांच्यासमोर कोणी उभे राहू नये. चाळीतले, समोरच्या इमारतीतले, पार काळाचौकीपासूनचे डबे दारात रांगेने लागतात; प्रत्येकात नावाची चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक अट. ‘चकलीची भाजणी, गव्हावर दळू नये.’ ‘अनारशाचे आहे, तांदळावर तांदूळच.’ ‘बेसन, लाडवाचे, जाडसर.’ आता पहिला तांदूळ कोणाच्या तरी गव्हावरच पडणार, हे उघड आहे. त्यासाठी वहिनी घरचे दोन शेर तांदूळ आधी दळून दगड स्वच्छ करतात, आणि त्या पिठाची भाकरी आमच्या घरी दिवाळीभर होते. ती जरा करड्या रंगाची असते. लहानपणी मला वाटे, दिवाळीची भाकरी अशीच असावयाची.

चैत्र-वैशाखात गिरणीशेजारचा डंख चालू होई. भाजलेल्या मिरच्या, धणे, दगडफूल, नाकेश्वर यांचा वास वरच्या मजल्यापर्यंत जाऊन साऱ्या चाळीला एका तालात शिंका येत. मला हे सारे आठवून सुख होते. पण डोक्यावरच्या खोलीत राहणाऱ्या काकींना काय होत असेल, याचा विचार आमच्या घरात फारसा कोणी केला नाही. त्यांच्या फळीवरच्या बरण्या दिवसभर थरथरत. ताक करावयास मला रवी लागत नाही, भांडे जमिनीवर ठेवले की पुरे, असे त्या हसत सांगत. त्यांच्या तुळशीवर पिठाचा थर बसे, आणि पुढे त्यांना दमा जडला. दम्याचे कारण पीठच, असे डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकले नसते. पण पीठ नव्हेच, असेही कोणाला सांगता येणार नाही. म्हणून ‘आमचे फार जुने आहे’ एवढ्या जोरावर कोणी कायमचा हक्क सांगू लागला, की मला आधी त्या काकींची तुळस दिसते.

शहराला हे शहाणपण हळूहळू सुचले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि दाट वस्तीत हवा-उजेड नसला म्हणजे काय होते ते साहेबालाही कळून चुकले. १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याला नव्या वस्त्या आखताना दोन घरांत अंतर किती आणि मजले किती, हे आधी ठरवून मग घरे उठली. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली साऱ्या शहराचे भाग पाडून कोठे काय चालेल ते ठरवून टाकले. आमच्याकडे साऱ्या मुंबईचा तसा विकास आराखडा मंजूर व्हावयास १९६७ साल उजाडले. नकाशावर रंग भरले गेले: इथे राहावयाचे, इथे विकावयाचे, इथे यंत्रे चालवावयाची. आमची खोली ‘राहावयाच्या’ रंगात गेली. आत मात्र मोटार चालूच होती, आणि ती त्या नकाशाहून एकोणीस वर्षांनी वडील होती.

अशा वेळी जगभर एकच तोड काढतात. जे आधीपासून आहे ते राहू द्यावयाचे. पण वाढवावयाचे नाही, बदलावयाचे नाही, आणि एकदा बंद पडले की पुन्हा उघडावयाचे नाही. सरकारी मराठीत याला ‘विसंगत वापर’ म्हणतात. अमेरिकेत या सवलतीला आजोबांचे नाव आहे. मला आधी ते फार गोड वाटले. आमच्या गिरणीला तर अक्षरशः लागू. पुढे वाचनात आले की हे आजोबा काही प्रेमळ गृहस्थ नव्हते. तिकडच्या दक्षिणेतल्या काही राज्यांनी मतदारांवर लिहिता-वाचता येण्याची अट घातली, आणि ज्याच्या बापाला वा आजाला १८६७ च्या सुमारापूर्वी मत होते त्याला त्या अटीतून सोडले. काळ्या माणसांच्या आजोबांना त्या काळी मत कोठून असणार? ते तर बहुतेक गुलाम होते. लुइझियानाने १८९८ साली असे कलम घातले, आणि असली कलमे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली मोडून काढली. कलम गेले, शब्द राहिला, आणि आता तो बिचाऱ्या दुकानांच्या आणि गोठ्यांच्या उपयोगी पडतो.

गोठ्यांवरून आठवले. मुंबईत जुना वापर उठवल्याची जी एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हशींची आहे.

त्या काळी शहरात जागोजागी तबेले होते. चाळीला लागून तबेला, तबेल्याला लागून नळ, आणि नळावर आपण. शेणाची दलदल, माशांचे थवे, आणि दुधात पाणी किती नि पाण्यात दूध किती हा रोजचा तंटा. तबेलेवाला मात्र पिढीजात. त्याला नुसते ‘नीघ’ म्हटले असते तर त्याने म्हशी एका गल्लीतून काढून दुसऱ्या गल्लीत नेल्या असत्या. सरकारने तसे केले नाही. १९४९ साली गोरेगावच्या टेकड्यांत आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होते. दारा खुरोडी हे दूध खात्याचे प्रमुख या कामाच्या मागे हात धुऊन लागले होते. पुढे १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्या बरोबरीने मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५१ साली पंडित नेहरू उद्घाटनाला आले. सुमारे तीन हजार एकरांवर तिसाहून अधिक गोठे, आणि त्यांत पंधरा-सोळा हजार जनावरे.

पण मला त्यातला मोठा भाग वाटतो तो आकड्यांचा नव्हे. म्हशी मालकांच्याच राहिल्या. सरकारने त्यांना बांधलेला गोठा दिला, पाणी दिले, चाऱ्याची सोय केली, आणि दूध विकत घेतले. म्हणजे ‘इथून ऊठ’ म्हणण्याआधी ‘तिथे बैस’ याची तयारी झाली होती. आणि आम्हांला काय मिळाले? चकचकीत झाकणांच्या बाटल्या, दुधाचे कार्ड, आणि पहाटे केंद्रावर रांगेत उभे राहून झोपेत ऐकलेल्या साऱ्या वस्तीच्या बातम्या. हेही सांगितले पाहिजे की त्या टेकड्यांत वारल्यांचे पाडे आधीपासून होते, आणि म्हशींना जागा देताना जुना वापर म्हणून त्यांचा हिशेब कोणी मांडल्याचे फारसे दिसत नाही. तेवढे उणे धरूनही ते काम मला सरस वाटते.

आता मोठ्या गिरण्यांकडे यावयाचे. ताडदेवला कावसजी दावरांनी पहिल्या गिरणीची उभारणी १८५४ साली आरंभली आणि दोन वर्षांनी तिच्यात सूत निघू लागले. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा इथवर गिरण्याच गिरण्या झाल्या. त्यांना कोणी कधी वस्तीतून ‘ऊठ’ म्हटले नाही, कारण वस्तीच त्यांच्यासाठी उठली होती. नकाशातही त्यांच्या जमिनीवर कारखान्याचाच रंग होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. त्या संपावर पुस्तके लिहिली गेली आहेत. मी तो आमच्या धाकट्या गिरणीच्या तराजूवर पाहिला. पाच किलोचा डबा तीनवर आला, तीनाचा दोनावर, आणि पावसाळ्यानंतर पिशवीत एकेक किलो येऊ लागले. गव्हाच्या जागी लाल ज्वारी आली. मग तीही गावाहून कोणी आले तर. आधी उधारीच्या वहीत नावे वाढली, मग भावाने वही लिहिणेच सोडले. “कोणाचे लिहू आणि कोणाचे नको?” तो म्हणे. वडिलांचे स्वतःचे नाव त्या वहीत पहिल्या पानावर होते. कारण धंदा धंद्याच्या जागी, असे त्यांचे मत होते. संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही. वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत.

आमच्या गिराइकांत खानावळवाल्या पुष्कळ होत्या. एका खोलीत पंधरा-वीस गिरणीकामगारांना जेवू घालावयाचे, हाही नकाशाच्या दृष्टीने घराचा भलताच वापर. त्यांना लायसन कोण देणार? प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा यांपैकी कित्येकींना बँकेचा दरवाजा पहिल्यांदा दिसला. पण जेवणारेच गेल्यावर चुली निमूट विझल्या. तो वापर कोणी बंद केला, असे विचारले तर नाव घेण्यासारखे कोणी सापडावयाचे नाही.

आणि मग नकाशातला रंग बदलला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वे कलम आले. गिरण्याही अठ्ठावन्न, हा निव्वळ योगायोग. कलम वाचावयास सुरेख होते: बंद वा आजारी गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा तर ढोबळ मानाने तीन वाटे करावे, एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. एकंदर जमीन सुमारे सहाशे एकर. लालबाग-परळच्या पोरांना खेळावयास किती जागा मिळाली असती, याचा हिशेब मी माझ्या वर्गातल्या मुलांकडून फळ्यावर करून घेतला होता. मराठीच्या तासाला गणित केले म्हणून मुख्याध्यापक रागावलेही. पण मालक पुढे येईनात. मधल्या काळात लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात कामगारांच्या करमणुकीचे साधन म्हणून बोलिंग अ‍ॅली निघाल्याचे वर्तमान आले. माझ्या वडिलांना बोलिंग म्हणजे क्रिकेटमधले, एवढेच ठाऊक होते. २००१ साली कलम दुरुस्त झाले. जिथे इमारत उभी होती ती जमीन वाटणीतून निघाली; उघडी राहिलेली जमीन तेवढी तिघांत वाटावयाची. गिरण्यांत उघडी जमीन ती कितीशी असणार? शेडला शेड लागलेली. २००५ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. घरांची पहिली मोठी सोडत निघावयास २०१२ उजाडले. घरे सात हजारांच्या आत आणि अर्ज सुमारे दीड लाख. माझ्या वडिलांचाही अर्ज होता. तो अजूनही आहे, वडील नाहीत.

म्हशींना १९४९ साली जे मिळाले ते माणसांना का मिळू नये, हा प्रश्न मी दोन-तीन सभांत विचारला. लोक हसले. मी विनोद करीत नव्हते.

माझा भाचा लोअर परळला एका काचेच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर काम करतो. त्याच जागी त्याच्या आजोबांचे साचेखाते होते. त्याचे त्याला काही वाटत नाही, आणि वाटावे असे मलाही वाटत नाही. नोकरी चांगली आहे. मात्र आता आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आहे. सभेत पडद्यावर नवी इमारत दाखवली. तीत वाहनतळ होता, व्यायामशाळा होती, गच्चीवर बाग होती. वहिनी म्हणाल्या, “आमची गिरणी कुठं हाय त्यात?” बिल्डरच्या माणसाने तळमजल्यावर बोट ठेवले. आमच्या खोलीएवढीच जागा, काटेकोर, एक फूटही कमी नाही. पण तिच्यावर ‘दुकान’ असे लिहिले होते. दुकान म्हणजे जिथे मोटार चालावयाची नाही. जुन्या भिंतींबरोबर जुनी सवलत गेली, आता वर माणसे राहणार, खाली यंत्र नको, असे त्याने नम्रपणे समजावून सांगितले. वर राहणाऱ्यांतून दोघे-तिघे ‘बरोबर आहे’ म्हणालेही. काकी असत्या तर काय म्हणाल्या असत्या, कोण जाणे.

“आत्या, आईला आता विश्रांतीच हवी,” भाचा माझ्या कानाशी म्हणाला. वहिनींना ते ऐकू गेले. “वन्सं, त्याला सांगा,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “विश्रांती मी मागितली का? म्हशींना म्हणे सरकारनं गोठे बांधून दिले. मला गोठा नको. चार भिंती नि वर पत्रा असला तरी पुरे. डोक्यावर कुणी नको, म्हणजे कुणाची बरणी हलायची नाही.”

एवढ्या सभांत मी जे लांबण लावून मांडीत होते ते त्यांनी एका दमात सांगून टाकले. धंदा तसाच चालावा असा त्यांचा हट्ट नव्हता. वरच्या घराला त्रास होतो हे त्यांना कबूल होते. उठावयास त्या तयार होत्या. बसावयाची जागा तेवढी आधी दाखवा, म्हणत होत्या. १९६६ च्या नगररचना कायद्यात ५६ वे कलम आहे; रीतसर चालत आलेला वापरही शहराच्या हितासाठी बंद करता येतो, पण नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागता येते. कायद्याला हे सुचलेले आहे. मात्र पुनर्विकासात कोणी कोणाला नोटीस देतच नाही. भिंत पडते आणि वापर तिच्याखाली सापडतो.

त्या सभेत एक गोष्ट मात्र मी अपेक्षिली नव्हती. चाळीतल्या बायका उठल्या. गिरणीचे पान कराराला जोडल्याशिवाय सही नाही, असे म्हणून अकरा जणींनी आपापले कागद परत मागितले. त्यांत पॅकेटचा आटा घेणाऱ्याही होत्या. त्यांतली एक, जिच्या सासूचे नाव भावाच्या त्या वहीत होते, नुसती उभी राहिली. बोलली काहीच नाही.

महिनाभराने आर्किटेक्टने नवा कागद आणला. फाटकापाशी, इमारतीपासून सुटी, एकमजली खोली; वर कोणी नाही; मोटार जुनीच तेवढ्याच ताकदीची; वापर पिठाची गिरणी. मंजुरीसाठी तो महापालिकेत गेला आहे, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत उत्तर येईल असे तो म्हणतो. चाळ तोवर उभी आहे. कागदाच्या तळाशी एक अट आहे: वापरात कोणताही बदल करता येणार नाही. वहिनींनी त्या ओळीवर बोट ठेवून आर्किटेक्टला विचारले, “दगड झिजलेत. नवे बसवले तर चालतील ना? की तेबी आजोबांचेच पायजेत?”

त्याने पेन काढले आणि कडेला बारीक अक्षरांत लिहिले: दगड वगळून.